आरसी विमान शिकायचंय? पैसे रिमोटमध्ये घाला, सिम्युलेटर नंतर बघू

नाशिकमध्ये आरसी विमान, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं विमान, शिकायचं म्हटलं की विमान कुठलं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा, आधी उडवायचं कुठे आणि कधी हेच डोकं खातं. ओझरला एचएएलचा विमान कारखाना, तिथं आधी मिग, मग सुखोई, आता तेजस, गांधीनगरला आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटांचं ट्रेनिंग, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. म्हणजे मोकळं दिसलं मैदान की काढलं विमान असं इथं चालत नाही. त्यात जून ते सप्टेंबर पाऊस, संक्रांतीला आभाळभर पतंग (येवल्याकडे तर विचारूच नका) आणि यातून जागा मिळालीच तर शेजारी हमखास द्राक्षबाग असते. मांडवाच्या तारांत फोमचं विमान घुसलं की हातात नुसता चुरा येतो, वर बागवाल्याचं ऐकून घ्यायचं ते वेगळं. म्हणून आपल्याकडे सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव, हा शौक नाही, गरज आहे.

आता बहुतेक नवीन माणूस काय करतो, तर 'बेस्ट आरसी सिम्युलेटर' शोधत बसतो, ग्राफिक्सचे व्हिडिओ बघतो, महागातला एखादा विकत घेतो आणि मग कीबोर्डवर उडवतो. हे पूर्ण उलटं आहे. हाताला सवय लागते ती स्टिकची, स्क्रीनची नाही. चांगला रिमोट आणि फुकटातला सिम्युलेटर घेऊन माणूस विमान शिकू शकतो, पण भारी सिम्युलेटर आणि कीबोर्ड घेऊन कधीच शिकणार नाही. हे एवढं पटलं असेल तर पुढचं वाचा, नसेल पटलं तरी वाचा.

पहिली पायरी : नक्की काय उडवायचंय ते ठरवा

विमान, ग्लायडर, हेलिकॉप्टर आणि एफपीव्ही ड्रोन, या चौघांचे सिम्युलेटर वेगळे. लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोन ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील आणि ती चांगलीच आहेत, पण ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघून उडवणाऱ्यांसाठी. विमानवाल्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

दुसरा गोंधळ मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेनचा. घरात मुलाला विमानाची आवड आहे म्हणून बरेच पालक तेच घेऊन देतात. त्यात तुम्ही कॉकपिटमध्ये बसलेले असता, उजवं म्हणजे कायम उजवंच. आरसीमध्ये तुम्ही जमिनीवर उभे असता आणि विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं, आणि शिकण्यातला मोठा भाग हाच तर आहे. तो भाग कॉकपिटमध्ये बसून येत नाही, मग ढग कितीही खरे दिसू देत.

दुसरी पायरी : रिमोट

रिमोट म्हणजे ट्रान्समिटर, पण मैदानावर सगळे रिमोटच म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणतो.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा, मोड, म्हणजे कुठली स्टिक काय करते ते. थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर, रडर नाक डावी-उजवीकडे वळवतो, एलेरॉन पंख कलवतो, एलेव्हेटर नाक वर-खाली करतो. मोड २ मध्ये डाव्या स्टिकला थ्रॉटल आणि रडर, उजव्या स्टिकला एलेरॉन आणि एलेव्हेटर. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे जातो आणि एलेव्हेटर डावीकडे येतो. सध्या बाजारात बहुतेक मोड २ च मिळतो आणि नवीन माणसाने तोच घ्यावा, पण तुम्हाला मैदानावर जो माणूस शिकवणार आहे तो कुठल्या मोडवर उडवतो हे आधी विचारा, कारण विमान हाताबाहेर गेलं की रिमोट त्याच्या हातात द्यायचाय आणि तेव्हा मोड जुळला नाही तर दोघं मिळून विमान पाडाल.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे फ्लायस्काय एफएस-आय६. सहा चॅनेल (एकेक चॅनेल विमानाचं एकेक काम सांभाळतो), विमानात बसवायच्या रिसिव्हरसकट साधारण चार-पाच हजारांत येतो आणि पहिल्या विमानाला भरपूर होतो. कॉम्प्युटरला जोडायला मागच्या ट्रेनर पोर्टमध्ये जाणारी सिम्युलेटर केबल वेगळी घ्यावी लागते, ती काही शे रुपयांत मिळते. याच केबलबरोबर कधीकधी एक सीडी येते आणि विकणारा सांगतो की यात फिनिक्स, रियलफ्लाइट असे सगळे सिम्युलेटर आहेत. ते सगळं पायरेटेड असतं, बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. केबल ठेवा, सीडी टाकून द्या. फिनिक्स एकेकाळी खरंच छान होता पण कंपनीने तो केव्हाच बंद केलाय, त्यामुळे आज कोणी 'ओरिजिनल फिनिक्स' विकत असेल तर हात जोडा आणि पुढे व्हा.

थोडे जास्त पैसे असतील तर रेडिओमास्टर पॉकेट किंवा त्याच घरातला बॉक्सर बघा. यांच्यात एजटीएक्स नावाची सिस्टीम असते, टाइप-सी केबल लावली की रिमोट स्वतःच विचारतो की जॉयस्टिक व्हायचं का स्टोरेज, जॉयस्टिक निवडलं की कॉम्प्युटरला तो सरळ गेम कंट्रोलर म्हणून दिसतो. वेगळी केबल नको, डोंगल नको. पॉकेट दिसायला खेळण्यासारखा आहे पण तसा नाही, फक्त घेताना रेडिओचा प्रोटोकॉल, म्हणजे तो रिसिव्हरशी कुठल्या भाषेत बोलतो ते बघा, ईएलआरएस घेतला तर पुढे रिसिव्हर पण ईएलआरएसचेच घ्यावे लागतील. घरात स्पेक्ट्रमचा रिमोट पडलेला असेल तर त्यांचा डब्ल्यूएस२००० हा वायरलेस डोंगल मिळतो, आणि जुना टारानिस रिमोट असेल तर तो नुसत्या यूएसबी केबलवरही चालतो.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर सुरुवात करू का, असं पुष्कळ जण विचारतात. दोन अडचणी आहेत. त्याची स्टिक इतकी छोटी आहे की अंगठा जरा हलला की फुल एलेरॉन लागतो, आणि थ्रॉटलची स्टिक सोडली की मधोमध येते. खऱ्या रिमोटवर थ्रॉटल जिथं ठेवला तिथंच राहतो. कंट्रोलरवर महिनाभर घालवला की अंगठ्याला जी सवय लागते ती मोडायला आणखी वेळ जातो. 'फक्त सिम्युलेटरसाठी' म्हणून जे स्वस्त प्लास्टिकचे रिमोट येतात त्यांच्याबद्दलही माझं मत फार बरं नाही, तेवढ्यात थोडे पैसे घालून खराच रिमोट घ्या की, तोच पुढे मैदानावर चालेल.

तिसरी पायरी : कॉम्प्युटर काय आहे ते बघा

यात फार वेळ घालवू नका. ऑफिसचा साधा लॅपटॉप असेल, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तरी चालतं, फक्त सेटिंग खाली आणायच्या. गवत, सावल्या, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं बंद. सुंदर दिसण्यापेक्षा चित्र न अडकता चाललं पाहिजे, कारण स्टिक हलवल्यावर विमान उशिरा वळलं की तुम्ही नकळत जास्त स्टिक द्यायला लागता आणि मग विमान डुलतच राहतं. टीव्हीला जोडून उडवणार असाल तर टीव्हीत गेम मोड असतो तो चालू करा, नाहीतर हाच उशीर तिथून येतो.

चौथी पायरी : आता सिम्युलेटर

रिकाम्या खिशाने सुरू करायचं तर पिकासिम. फुकट आहे, विंडोजवर चालतो, फोनवरही चालतो. बनवणाऱ्याचा जीव ग्लायडरमध्ये आहे, डोंगरउतारावर वाऱ्यावर ग्लायडर तरंगवणं यात फार छान जमलंय, पण मोटरवाली विमानं पण आहेत. फोनवर उडवायचा तर ओटीजी केबलने रिमोट जोडून उडवा, स्क्रीनवर बोटं फिरवून काहीच येत नाही, तो वेळ वाया.

लिनक्सवाले असाल किंवा फारच जुना डबा असेल तर सीआरआरसीसिम. हा ओपन सोर्स आहे, नाव अमेरिकेतल्या चार्ल्स रिव्हर रेडिओ कंट्रोलर्स या आरसी क्लबवरून आलंय. दिसायला अगदी साधा, एका पिढीपूर्वीचा वाटतो, पण वारा आणि थर्मलचं, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचं, गणित चांगलं आहे. एफएमएस नावाच्या सिम्युलेटरचं नाव पण जुनी माणसं काढतील, तो त्याच्या काळात ठीक होता, आता त्याच्या नादी लागू नका.

पैसे घालायची तयारी असेल तर विमानासाठी दोन नावं, रियलफ्लाइट आणि एरोफ्लाय आरसी.

रियलफ्लाइट विंडोजवरच चालतो, मॅकवाल्यांनी आशा सोडा. सध्या तो होरायझन हॉबीच्या घरात आहे, त्यामुळे त्यांचीच ई-फ्लाइटची विमानं यात बरीच सापडतात. सध्याची पूर्ण आवृत्ती इव्होल्यूशन, आणि नवशिक्यांसाठी एक छोटी स्वस्त ट्रेनर एडिशन स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे. माझं सरळ मत, ट्रेनर एडिशन पुरते. पूर्ण आवृत्तीत ढीगभर विमानं असतात आणि नवीन माणूस एकावर हात बसायच्या आधी जेट काढतो, मग थ्रीडी कसरतीचं काढतो, मग हेलिकॉप्टर काढतो, आणि महिन्याने कशातच काही येत नसतं. मी हे इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की आता कमी विमानं असणं हाच मला फायदा वाटतो.

एरोफ्लाय आरसी जर्मन, आयपॅक्स कंपनीचा. मैदानं खऱ्या फोटोंवरून केलेली असल्यामुळे उभं राहिल्यावर खरंच मैदानावर असल्यासारखं वाटतं. रियलफ्लाइटमध्ये पण फोटोफील्ड नावाने तशी मैदानं आहेत आणि साध्या लॅपटॉपवाल्यांनी तीच वापरावीत, कारण मागचं चित्र तयार असल्याने कॉम्प्युटरवर ताण कमी येतो.

हेलिकॉप्टरच शिकायचं असेल तर मात्र वेगळं बोलू, नेक्स्ट आणि अ‍ॅक्युरेट आरसी बघा, हेलीवाले त्यांचंच नाव घेतात.

रियलफ्लाइट का एरोफ्लाय यावर वाद घालू नका. स्टीमवर घेतला तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. तेव्हा आधी रिमोट कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटर न उघडताच तपासून ठेवा (कसं ते पाचव्या पायरीत), म्हणजे ते दोन तास रिमोट जुळवण्यात जाणार नाहीत. आणि घाई नसेल तर स्टीमच्या उन्हाळी किंवा हिवाळी सेलपर्यंत थांबा, तोपर्यंत पिकासिम आहेच.

पाचवी पायरी : जोडणी, इथंच सगळे अडकतात

रिमोटमध्ये 'सिम' नावाचं नवीन कोरं मॉडेल, म्हणजे एका विमानाच्या सेटिंगचा संच, करा. एक्स्पो नको, मिक्सिंग नको, ड्युअल रेट नको, म्हणजे स्टिकचा परिणाम बदलणारं काहीच नको, आणि सगळे ट्रिम (स्टिकशेजारची बारीक फरकाची बटणं) मधोमध. एजटीएक्सचा रिमोट असेल तर त्या मॉडेलमध्ये इंटर्नल आरएफ, म्हणजे रिमोटचा आतला रेडिओ, बंद करा, उगाच सिग्नल फेकत बसत नाही आणि बॅटरी वाचते.

मग केबल लावा आणि विंडोजच्या सर्चमध्ये 'गेम कंट्रोलर' टाइप करून यूएसबी गेम कंट्रोलरची खिडकी उघडा. स्टिक हलवल्यावर पट्ट्या हलल्या पाहिजेत. इथं हलत नसतील तर सिम्युलेटरला दोष देऊ नका, केबल किंवा रिमोटची सेटिंग बघा. बऱ्याच टाइप-सी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटा जातच नाही त्यातून, निम्मी भांडणं इथंच मिटतात.

त्यानंतर सिम्युलेटरमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिक कुठून कुठपर्यंत हलते ते त्याला दाखवणं. स्टिक मधोमध ठेवून सुरू करा, मग दोन्ही स्टिक कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवा, जोर न लावता. थ्रॉटल दिल्यावर विमान वळत असेल किंवा एलेरॉन दिल्यावर पळत असेल तर चॅनेलचा क्रम वेगळा आहे, एजटीएक्स आणि फ्लायस्काय साधारण एलेरॉन, एलेव्हेटर, थ्रॉटल, रडर या क्रमाने पाठवतात, स्पेक्ट्रममध्ये थ्रॉटल पहिला असतो. सिम्युलेटरमध्ये जाऊन कुठला चॅनेल कशाला ते लावून द्या. आणि बाहेर सगळं नीट पण सिम्युलेटरमध्ये विचित्र वागतंय असं असेल तर त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद करून बघा, स्टीम तुमच्या रिमोटला गेमपॅड समजून मध्ये लुडबुड करतं.

शेवटी कॅमेरा. विमानामागून जाणारा कॅमेरा बंद, कॉकपिट बंद. पायलट जमिनीवर उभा, तोच एक कॅमेरा. जमीन कायम दिसेल अशी सेटिंग असते, ती चालू ठेवा, नाहीतर आभाळात नुसतं विमान दिसतं आणि उंचीचा अंदाजच येत नाही. ऑटो झूम सुरुवातीला चालेल, पण नंतर कमी करत आणा, खऱ्या मैदानावर लांब गेलेलं विमान बारीकच दिसतं, तिथं कोणी झूम करून देत नाही.

सहावी पायरी : सराव कसा करायचा

विमान एकच निवडा, पंख वर असलेला ट्रेनर, चार चॅनेलचा. शक्यतो पुढे घ्यायचंय त्याच आकाराचा. विमान आपोआप सरळ ठेवणाऱ्या मदतीच्या सेटिंग, म्हणजे सेफ वगैरे, पहिल्या एक-दोन बैठकीत ठीक, मग बंद करा. तुमच्या खऱ्या विमानात जायरो, म्हणजे तोल सांभाळणारा सेन्सर, असणार असेल तर शेवटी पुन्हा चालू करून बघा.

आधी फक्त सरळ आणि वळण. उंचीवर जाऊन निम्म्या थ्रॉटलवर मोठे चौकोनी चक्कर मारा. डावीकडून मारून झाले की उजवीकडून. ही गोष्ट फार जण करत नाहीत, सगळ्यांची एक आवडती बाजू असते आणि मैदानावर वारा फिरला की नावडत्या बाजूने उतरावं लागतं.

मग समोरून येणारं विमान. इथं युक्ती एकच, जो पंख खाली गेलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक न्यायची, खालच्या पंखाला टेकू द्यायचा. विमान आपल्याकडे येतंय, विमानाचा डावा का उजवा असा विचार करत बसलात तर तोपर्यंत विमान जमिनीत. टेकू, टेकू म्हणत आठाचा आकडा मारत राहा, हळूहळू टेकू म्हणायची पण गरज राहत नाही.

लँडिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. नवीन माणूस विमान खाली येतंय म्हटलं की एलेव्हेटर ओढतो, नाक वर जातं, वेग मरतो, स्टॉल होतो म्हणजे पंखांची उचल संपते, एक पंख पडतो आणि विमान आडवं जमिनीवर. उतरताना थ्रॉटलने उंची सांभाळायची आणि एलेव्हेटरने वेग, हे ऐकायला उलटं वाटतं पण सिम्युलेटरमध्ये करून बघा, कळतं. स्टॉल मुद्दाम उंचीवर नेऊन करून बघा, पाच-दहा वेळा, म्हणजे विमान कधी सुटायला लागतं ते हाताला समजेल.

हे जमलं की वारा चालू करा. आधी समोरून, मग आडवा, ताशी १० ते १५ किलोमीटरपासून. गंगापूर धरणाच्या बाजूला संध्याकाळी उभं राहिलेल्या कोणालाही विचारा, वारा नसलेला दिवस मागून मिळत नाही, त्यामुळे शून्य वाऱ्यावर शिकून मैदानावर जाऊ नका. आणि मधूनच थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरवायचा सराव करा, खऱ्या विमानाची बॅटरी तुम्हाला विचारून संपत नाही.

आणखी एक, रीसेटचं बटण. क्रॅश झाला, बटण दाबलं, परत उडालं, हे इतकं सोपं आहे की माणूस बेफिकीर होतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी सांगतो की क्रॅश झाला की रिमोट खाली ठेवायचा, काय झालं ते तोंडाने सांगायचं, मग रीसेट. कंटाळवाणं आहे पण चूक कळते. आणि रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा, लाईट गेली तर गेली.

सातवी पायरी : मैदानावर कधी जायचं

आडव्या वाऱ्यात, दोन्ही बाजूंनी, सलग दहा वेळा विमान न मोडता धावपट्टीवर उतरलं की जा. धावपट्टीच्या आजूबाजूला उतरलं ते मोजायचं नाही, तिथं द्राक्षबाग आहे असं समजा.

जायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटचा नकाशा उघडून जागा बघा. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते, हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. आरसी विमान म्हणजे ड्रोन थोडीच, असं मैदानावर कोणीतरी म्हणेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. शिवाय कुंभ, सभा, व्हीआयपी दौरा असं काही असलं की पोलिसांचे वेगळे आदेश निघतात, ते त्या आठवड्यात बघून घ्या. जमीन मालकाला विचारणं हे तर आलंच.

सिम्युलेटर काही गोष्टी शिकवतच नाही. विमानाचा तोल म्हणजे सीजी कुठे आहे, लाइपो बॅटरी नीट चार्ज आहे का, प्रॉप म्हणजे पुढचा पंखा घट्ट आहे का, सिग्नल तुटला तर मोटर बंद करणारं फेलसेफ लावलंय का, रिमोट लांबून चालतो का, हे सगळं मैदानावर दुसऱ्या माणसाकडून शिकायचं. तुमचं 'सिम' मॉडेल सोडून विमानाचं मॉडेल रिमोटमध्ये निवडलंय ना हे बघा, कारण 'सिम'मध्ये आरएफ बंद आहे. आणि उडवायच्या आधी विमानाच्या मागे उभं राहून उजवा एलेरॉन द्या, उजव्या पंखाचा एलेरॉन वर गेला पाहिजे, डाव्याचा खाली. एलेव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढा, शेपटीची हलती पट्टी वर उठली पाहिजे. रडर उजवीकडे दिला तर उजवीकडेच वळला पाहिजे. यातलं एक जरी उलटं असेल तर त्या दिवशी विमान जमिनीवरच ठेवा आणि सर्व्हो रिव्हर्स करून घ्या.